ओंजळ कशाला, तांब्या घ्या की!



घरातले दुखणे चारचौघांत मांडू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. आम्हीही ही गोष्ट बरेच दिवस लिहायची टाळली. पण गेल्या महिन्यात विहारात तरुण मुलांशी बोलताना एकाने विचारले, "काका, रस्त्यात अपघात झालेला दिसला तर थांबावे की नाही? नंतर पोलिसांचे लचांड मागे लागते म्हणतात." तेव्हा ठरवले की आता लिहायचेच. कारण या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरे आहेत. एक आम्ही १९९६ साली दिले, आणि दुसरे आम्हाला २०२३ साली अनोळखी माणसांनी दिले.

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात आमच्या भाचीचे लग्न होते. लग्न दुपारी लागले, जेवणखाण, पाठवणी होता होता रात्र झाली. मुलाला सोमवारी कामावर हजर व्हायचे होते, म्हणून रात्रीच मुंबईला निघालो. भाड्याची जीप होती. आम्ही, सौ., चौऱ्याऐंशी वर्षांची आमची आई, मुलगा, सून, त्यांचे पाच महिन्यांचे बाळ, पुतण्या आणि ड्रायव्हर. जीपच्या पुढच्या काचेवर बाबासाहेबांचे चित्र आणि खाली निळ्या अक्षरांत 'जयभीम'.

अकलूज मागे टाकून इंदापूरच्या दिशेने येत होतो. रात्रीचा दीड वाजला असेल. दोन्ही बाजूंना ऊस, वर धुके. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. अशा वेळी त्या भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंना बाहेर आलेला. त्यातली एक ट्रॉली टायर फुटून रस्त्यातच उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चार दगड आणि उसाचे वाढे मागे टाकून ठेवले होते, पण धुक्यात ते दिसणार कसे? आमच्या ड्रायव्हरला ट्रॉली दिसली तेव्हा ती अगदी समोर होती. त्याने स्टेअरिंग वळवले, जीप रस्त्याच्या खाली गेली आणि पाण्याच्या चारीत एका अंगावर पडली.

पहिला मिनिटभर काहीच कळले नाही. मग बाळ रडले. ते रडणे ऐकून किती बरे वाटले, ते आई-बापांना सांगायला नको. सून आणि बाळ धड होती. सौ.चा हात मुरगळला होता. आईच्या कपाळातून रक्त येत होते. ड्रायव्हर छाती धरून बसला होता. पण मुलगा पुढच्या सीटवर होता. त्याचा पाय दाराच्या पत्र्यात अडकला होता आणि मांडीतून रक्त नुसते वाहत होते.

पुतण्या वर रस्त्यावर चढला आणि हात करू लागला. एक मोटार आली, वेग कमी झाला, काचेतून कुणीतरी पाहिले आणि गाडी निघून गेली. दुसरी थांबलीच नाही. तिसरी थोडी पुढे जाऊन थांबली आणि मग तीही गेली. पुतण्या शिव्या देऊ लागला. आम्ही मात्र गप्प होतो. त्या क्षणी आम्हाला दुसराच एक माणूस आठवत होता. त्याचे पुढे सांगतो.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून दोन बॅटऱ्या हलताना दिसल्या. मागोमाग माणसांचे आवाज. ऊसतोड मजुरांची टोळी होती. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या कोप्या होत्या, पाचट आणि वाढ्यांनी शाकारलेल्या. दिवसभर ऊस तोडून, गाडी भरून ही माणसे घटका दोन घटका पाठ टेकायला गेली असतील. पहाटे चारला पुन्हा उठायचे. आवाज ऐकून ती उठून आली. दहाबारा पुरुष, चारपाच बाया.

त्यांच्यातल्या एका वयस्क माणसाने आल्या आल्या एकच गोष्ट सांगितली, "ओढाताण करू नका रे. आधी पोराचा पाय कुठं गुतलाय ते बघा." मग एकाने बॅटरी धरली, एकाने कोयत्याने सीटचा पट्टा कापला. बाकीच्यांनी खांदे लावून जीप उचलून धरली. दोघांनी पत्रा वाकवून पाय मोकळा केला. ज्या कोयत्याने दिवसभर ऊस तोडायचा, त्याच कोयत्याने त्या माणसाने आमच्या मुलाच्या अंगाला ओरखडाही न येऊ देता पट्टा कापला. एका बाईने घरातून धुतलेले लुगडे आणले, उभे फाडले, त्याची जाड घडी करून जखमेवर ठेवली आणि तिच्या नवऱ्याने दोन्ही हातांनी ती दाबून धरली. पुढे दवाखान्यापर्यंत त्या माणसाने हात उचलला नाही.

एका पोराने मोबाइलवरून १०८ ला फोन लावला. आम्हाला आपण कुठे आहोत तेच सांगता येईना. त्याने कारखान्याचा फाटा, चारी, जवळची वस्ती असे सगळे नीट सांगितले. पण गाडी दुसरा रुग्ण घेऊन गेली होती, यायला पाऊण तास लागेल असे कळले. इतक्यात मागून एक पिकअप आला. डाळिंबाचे क्रेट भरून पुण्याच्या बाजाराला चालला होता. टोळीतली माणसे रस्त्यावर आडवीच उभी राहिली. ड्रायव्हर तरुण पोरगा होता. त्याने खाली उतरून मुलाकडे पाहिले, आणि काही न विचारता मागचे फळके खाली पाडले. "क्रेट उतरवा," म्हणाला. टोळीने पाचच मिनिटांत माल रस्त्याच्या कडेला लावला. बाजाराला उशीर झाला की भाव पडतो, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याच्या गाडीच्या काचेवर कोणाचे चित्र होते ते आम्ही पाहिले. आमच्या जीपच्या काचेवर कोणाचे चित्र होते ते त्यानेही पाहिले. पण त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

एका कोपीतून वाकळ आली, ती खाली अंथरली, मुलाला फळीवर घेऊन अलगद वर ठेवले. आम्ही आणि तो जखम दाबून बसलेला माणूस मागे बसलो. बाकी मंडळी तिथेच राहिली.

त्यानंतर तिथे काय घडले ते आम्हाला सौ.ने सांगितले. आणि खरे सांगायचे तर त्याच्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

बायांनी आई, सून आणि बाळाला कोपीपाशी नेले. चूल पेटवली. बाळाला शेकले, घोंगडीत गुंडाळले. आईच्या कपाळाला फडके बांधले. तिला तहान लागली होती. एका बाईने मडक्यातून तांब्या भरून आणला. आमच्या आईने काय करावे? ती दगडावर बसली होती, तशीच पुढे वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून धरली.

ती बाई तरुण होती. तिला काही समजेना. ती म्हणाली, "आजी, ओंजळ कशाला? तांब्या घ्या की हातात!"

आईने तांब्या घेतला आणि तोंड लावून पाणी प्याली. मग तिला रडू आले. बायांना वाटले, कपाळ दुखते म्हणून रडते.

भगिनींनो, आमच्या आईचे लहानपण १९४० च्या दशकातले. गावच्या आडावर आपल्या माणसांना पोहरा सोडता येत नसे. कोणाला दया आली तर वरून धार धरायची आणि खाली ओंजळ करून प्यायचे. अंगावर पाणी सांडायचे, नाकात जायचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या आजोबांनी घरात बजावले होते की यापुढे कोणापुढे ओंजळ धरायची नाही. आईने साठ-पासष्ट वर्षांत ती कधी धरली नाही. मुंबईत नळ आला, घर झाले, मुले शिकली. पण त्या रात्री भीतीने भान हरपले आणि अंगात खोल कुठेतरी दडून बसलेली ती लहान मुलगी बाहेर आली. अनोळखी वस्ती, हातात तांब्या घेतलेली बाई, आणि हात आपोआप जोडले गेले.

बाबासाहेबांच्या लहानपणीचा मसूरचा प्रवास आपल्या घरोघरी मुलांना सांगितला जातो. १९०१ साल. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूरच्या स्टेशनावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, एक जण कबूल झाला. डबा भरलेला होता, पण रात्री नाक्यावर पाणी मागितले तर मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली. रस्त्यावर अडकलेल्या लेकरांना घोटभर पाणी न देणारी माणसे याच मुलखातली. आणि आईच्या हातात तांब्या देणारी बाईही याच मुलखातली.

एका तांब्याने सगळे बदलले, असे आमचे म्हणणे नाही. काय काय अजून शिल्लक आहे ते हे साप्ताहिक वाचणाऱ्याला सांगायला नको. पण जे घडले तेही सांगितले पाहिजे. त्या टोळीची जात कोणती, आम्ही विचारले नाही. त्यांनीही आमची विचारली नाही.

आता दवाखान्यातले. तालुक्याच्या गावी पोचलो. डॉक्टर म्हणाले, रक्त दाबून धरले म्हणून बरे झाले, नाहीतर अवघड होते. मांडीचे हाड मोडले होते. तिथून सकाळी पुण्याला हलवले, शस्त्रक्रिया झाली. चार महिने मुलगा घरी होता. आता कामावर जातो, थंडीत थोडा लंगडतो.

पिकअपवाल्याला आम्ही डिझेलचे पैसे देऊ लागलो. तो म्हणाला, "काका, क्रेट रस्त्यावर आहेत, जाऊ द्या मला." आणि गेलासुद्धा.

तो जखम धरून बसलेला माणूस बाकावर बसला होता. हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. तेवढ्यात हवालदार वही घेऊन आले. "पेशंटला कोणी आणले?" असे विचारताच हा माणूस हळूच उठून बाहेर पडला. आम्ही फाटकापाशी गाठले. तो हात जोडून म्हणाला, "दादा, माझं नाव नका सांगू. आम्ही लांबची माणसं. तारखेला कुठं येणार? मुकादम खाडा मांडतोय."

खाडा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी धरतात, तिला 'एक कोयता' म्हणतात. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती तोडून फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. त्या माणसाने आमच्या मुलाची मांडी दाबून धरली, ती आपली मजुरी डोळ्यांसमोर बुडताना पाहत. आम्ही पाचशेची नोट पुढे केली. त्याने आमची मूठ मिटवून ठेवली. "पोराच्या औषधाला लागतील," म्हणाला. आणि एका रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून गेला. ज्याच्या ट्रॉलीमुळे हे सगळे घडले, त्या ट्रॅक्टरवाल्यानेही सकाळी आमची जीप चारीतून ओढून दिली. पुतण्या त्याच्या अंगावर धावून गेला होता. आई म्हणाली, "सोड त्याला. रात्रभर तोही आपल्यासाठी पळालाय."

आता १९९६ चे सांगतो. आम्ही तेव्हा पहाटेच्या पाळीला जात होतो. बसस्टॉपवर दहाबारा जण उभे होतो. समोर हमरस्त्यावर एका सायकलवाल्याला ट्रकने उडवले. दुधाचा कॅन लांब जाऊन पडला. माणूस कडेला पडला होता, हात हलत होता. सगळे पाहत होते. कोणी म्हणाले, हात लावू नका, पोलीस केस आहे. आमच्या मनात दोन गोष्टी आल्या. एक, चौकीत दिवसभर बसवतील. दुसरी, अर्ध्या दिवसाचा पगार कापतील. बस आली, आम्ही चढलो. दुसऱ्या दिवशी तिथे एक चप्पल पडली होती. त्या माणसाचे काय झाले ते आम्हाला आजतागायत कळले नाही. त्याच्या घरीही बाळ असेल, म्हातारी आई असेल. आमच्यापुढे जो खाडा होता, त्याहून मोठा खाडा त्या ऊसतोड मजुरापुढे होता. तो थांबला. आम्ही थांबलो नव्हतो.

म्हणून तरुणांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ऐका. भीती तेव्हा खोटी नव्हती. पण आता कायदा बदलला आहे आणि तो आपल्या माणसांना माहीत नाही. तेवढा नीट लक्षात ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे देशभर लागू केली. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जो माणूस सद्‌हेतूने जखमीला मदत करतो, त्याच्यावर त्या जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव, पत्ता, फोन नंबर सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवायचे. जात, धर्म यावरून भेदभाव न करता त्याला सन्मानाने वागवावे, असेही त्या नियमांत लिहिले आहे. दवाखान्यात पोचवून तो निघून जाऊ शकतो. आमच्या त्या भावाला फाटकाबाहेर पळण्याची गरज नव्हती. पण त्याला हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्या वेळी आम्हालाही ठाऊक नव्हते.

अपघातात सापडलेल्याला तातडीचे उपचार देणे हे सरकारी व खाजगी सर्व डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोख न भरता उपचारांची योजना जाहीर केली. तिच्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार बसतो. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजार रुपयांचे बक्षीस होते, ते २०२५ मध्ये पंचवीस हजार करण्यात आले. बक्षिसासाठी थांबा असे आम्ही म्हणत नाही. पण सरकारही आता थांबणाऱ्याच्या बाजूने आहे, एवढे ध्यानात घ्या.

रुग्णवाहिकेसाठी १०८. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. हे तीन आकडे घरातल्या मुलांकडूनही पाठ करून घ्या. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा आणि सारखी उचलून पाहू नका. मान किंवा पाठ दुखावली असेल आणि आगीचा धोका नसेल, तर जखमीला ओढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अंग गरम ठेवा. त्या टोळीतल्या वयस्क माणसाने हे कुठल्या वर्गात शिकले नव्हते, पण बरोबर केले.

शेवटची एक गोष्ट राहिली. एप्रिल २०२४ मध्ये जयंतीला गावी गेलो, तेव्हा सहा नवी ब्लँकेटे बरोबर घेतली. एका फाटलेल्या लुगड्यासाठी एक लुगडेही सौ.ने घेतले होते. ती जागा शोधून काढली. ऊस तुटून गेला होता. कोप्या नव्हत्या. चुलीचे तीन तीन दगड तेवढे ओळीने राहिले होते. टोळी हंगाम संपवून आपल्या गावी गेली होती. कोणते गाव, ते आम्हाला ठाऊक नाही, कारण नाव नको म्हणणाऱ्याला आम्हीही विचारले नव्हते.

आई त्या दगडांपाशी थोडा वेळ उभी राहिली. आम्ही विचारले, ब्लँकेटे आता काय करायची? ती म्हणाली, "गाडीत राहू दे. रस्त्यात कुणाला तरी लागतील."

तेव्हापासून आमच्या घरातले कोणीही लांबच्या प्रवासाला निघाले की एक ब्लँकेट, एक बॅटरी, धुतलेल्या कापडाच्या दोन घड्या आणि पाण्याने भरलेला एक तांब्या बरोबर असतो. सहापैकी दोन ब्लँकेटे आतापर्यंत खर्ची पडली आहेत. ज्यांना दिली त्यांची नावे आम्ही विचारली नाहीत.

जयभीम.